'किंग लिअर' पहिल्यांदा वाचायला घेताय? आधी वाटणीचा सीन नीट बसवा

ज्यांनी शेक्सपिअर कॉलेजात फक्त गाईडमधून वाचला किंवा अजिबातच वाचला नाही, आणि आता सात-आठ जण मिळून 'किंग लिअर' मोठ्यानं वाचायचं ठरवतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सांगलीत असे ग्रुप होत राहतात. कुणाच्या तरी घरी वरच्या खोलीत, नाहीतर कॉलेजच्या रिकाम्या वर्गात रविवारी सकाळी जमायचं आणि वाचायचं. ज्या गावात 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं आणि ज्याच्या शेजारच्या हरिपूरच्या देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला, त्या गावात शेक्सपिअरला घाबरायचं काही कारण नाही. नाटक अवघड आहे हे खरंय, पण ते भाषेमुळं कमी आणि त्यात जे घडतं त्यामुळं जास्त अवघड आहे. म्हातारा राजा लिअर आपलं राज्य तीन मुलींत वाटायला काढतो. आणि हे आपल्याकडं प्रत्येक भावकीत कुणी ना कुणी बघितलेलं असतं: बाप जिवंत असताना वाटणी.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर आहे. या नाटकात प्रेम मोजायला काढलंय. पहिल्या सीनमध्ये मोजायला सुरुवात होते आणि एक जागा सोडली तर नाटक संपेपर्यंत मोजणं थांबत नाही, तिसरा हिस्सा, निम्मं प्रेम, शंभर माणसं, पन्नास, पंचवीस. म्हणून वाचायला बसताना प्रत्येकानं हातात पेन्सिल ठेवायची आणि जिथं आकडा, माप, जास्त-कमी असं काही येईल तिथं खूण करायची. एवढं केलं तरी पहिल्या वाचनात नाटक हाताला लागतं, बाकी टीपा वगैरे नंतर.

पायरी १ : प्रत कुठली घ्यायची

मराठीत वाचणार असाल तर विंदा करंदीकरांचं भाषांतर घ्या, 'राजा लिअर', 1974 सालचं. विंदा कवी, त्यामुळं ओळी बोलताना जिभेवर बसतात आणि वाचनासाठी तेच लागतं. इंग्रजी येणारं कुणी असेल तर त्यानं मूळ प्रत शेजारी उघडी ठेवावी, मोबाईलवर फुकट मिळते.

फक्त एक माहिती पाहिजे, नाहीतर मधेच भांडण लागतं की माझ्या प्रतीत हा डायलॉग आहे आणि तुझ्यात नाही. हे नाटक 1605-06 च्या सुमारास लिहिलं गेलं, 26 डिसेंबर 1606 ला राजा पहिला जेम्स याच्यासमोर त्याचा प्रयोग झाला, आणि नंतर ते दोन वेगळ्या रूपांत छापलं गेलं, एक 1608 ला आणि दुसरं 1623 ला. पहिल्यातल्या जवळजवळ तीनशे ओळी दुसऱ्यात नाहीत आणि दुसऱ्यातल्या शंभरेक पहिल्यात नाहीत. आजच्या बऱ्याच प्रतींत दोन्ही एकत्र करून 5 अंक आणि 26 प्रवेश दिलेले असतात. सगळ्यांनी एकच प्रत घ्या, विषय संपला.

आणि हो, 'नटसम्राट' डोक्यातून तेवढ्यापुरतं बाजूला ठेवा. शिरवाडकरांनी 1970 साली लिअरकडं बघूनच ते लिहिलं आणि आपल्यातल्या बहुतेकांनी लिअरच्या आधी अप्पासाहेब बेलवलकर बघितलेले असतात, त्यामुळं आपण आपोआप म्हातारा बिचारा आणि पोरं नालायक अशा नजरेनं लिअर वाचायला बसतो. पण अप्पा प्रेमापोटी सगळं देऊन टाकतात, ते पोरांना उभं करून माझ्यावर किती प्रेम करता सांगा असं म्हणत नाहीत. लिअर म्हणतो. अप्पांना कावेरी आहे, लिअरच्या घरात आईच नाही, तीन पोरी आणि एक बाप. हा फरक फार मोठा आहे.

पायरी २ : माणसं वाटून घ्या

मुख्य बोलणारी चौदा माणसं आहेत पण आठ जणांत भागतं. लिअर, त्याच्या तीन मुली गॉनरिल, रीगन आणि कॉर्डेलिया, थोरलीचा नवरा ऑल्बनी, मधलीचा कॉर्नवॉल, धाकटीला मागणी घालायला आलेले फ्रान्सचा राजा आणि बर्गंडीचा ड्यूक, लिअरचा इमानी सरदार केंट, दुसरा सरदार ग्लॉस्टर, त्याची दोन मुलं एडगर आणि एडमंड, विदूषक, आणि गॉनरिलचा कारभारी ऑस्वल्ड. कॉर्डेलिया आणि विदूषक एकाच माणसाला द्या. ती दोघं कधीच एका सीनमध्ये समोरासमोर येत नाहीत, त्या काळीही एकच नट दोन्ही करत असावा असा एक तर्क आहे, आणि वाचताना एकाच आवाजात दोन्ही ऐकलं की कळतं, लिअरला खरं सांगणारी माणसं हीच, एक सरळ बोलून आणि एक कोड्यात बोलून.

लिअर सगळ्यात वयस्कर माणसाला द्यायलाच पाहिजे असं काही नाही. पण गॉनरिल मात्र ग्रुपातल्या सगळ्यात समंजस माणसाला द्या. का ते पुढं येतं.

पायरी ३ : पहिला सीन, आणि हा घाईनं संपवायचा नाही

बहुतेक नवीन ग्रुप इथं चुकतात, पहिला सीन म्हणजे प्रस्तावना समजून उरकतात आणि वादळाकडं पळतात. असं करू नका. पहिल्या बैठकीत फक्त हा एक सीन वाचला तरी चालेल. तीनशेच्या आसपास ओळी आहेत, दोनदा वाचा.

पहिल्या वाचनात अगदी सुरुवातीच्या ओळी बघा. राजा अजून आलाच नाही, केंट आणि ग्लॉस्टर गप्पा मारतायत, आणि गप्पांचा विषय काय तर राजानं वाटणी केली आहे आणि दोन्ही थोरल्या जावयांचे हिस्से इतके सारखे आहेत की कुणावर जास्त जीव आहे ते सांगता येत नाही. म्हणजे वाटणी आधीच ठरलीय! सरदारांना माहितीय, नकाशावर रेघा ओढून झाल्यात. मग राजा येतो, नकाशा मागवतो आणि म्हणतो, आता सांगा तुमच्यातली कोण माझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम करते, म्हणजे त्या मापानं मी देईन. आणि गॉनरिल बोलून संपली की बाकी दोघींचं ऐकायच्या आधीच तिचा हिस्सा तिला देऊन मोकळा होतो. खरी स्पर्धा असती तर सगळ्यांचं ऐकून मग निकाल दिला असता ना? तर ही परीक्षा नाहीच, हा सत्कार समारंभ आहे. पाहुणे बसलेत, हार आणलाय, कोण काय बोलणार ते ठरलंय आणि मधेच एक पोरगी माईकवर येऊन म्हणते मला काही बोलायचं नाही. लिअरचा संताप कुठून येतो ते असं वाचल्यावर लक्षात येतं. त्याचं प्रेम दुखावलंय हे आहेच, पण चारचौघांत कार्यक्रम फिसकटलाय हे त्याहून आधी आहे.

दुसरी खूण करायची ती धाकटीला विचारलेल्या प्रश्नावर. तो तिला विचारतो की बहिणींपेक्षा जास्त संपन्न असा तिसरा हिस्सा मिळवायला तू काय बोलशील. म्हणजे चांगला तुकडा तिच्यासाठी बाजूला ठेवलाय आणि हे तो थोरल्या दोघींच्या समोर, भर दरबारात बोलून दाखवतोय. थोड्या वेळानं रागाच्या भरात हेही बोलून जातो की माझा सगळ्यात जास्त जीव हिच्यावर होता, म्हातारपण हिच्याच जवळ काढायचं मनात होतं. आता गॉनरिल आणि रीगनच्या जागी उभं राहून ऐका. आयुष्यभर हेच ऐकत आल्या असतील. त्यांची खुशामत खोटीच आहे, त्यात शंका नाही, गॉनरिल म्हणते डोळ्यांपेक्षा, स्वातंत्र्यापेक्षा तुम्ही मला प्रिय, रीगन म्हणते ताई बोलली तेच माझं पण ती जरा कमीच बोलली. पण खुशामत करायची सवय घराला कुणी लावली, हा प्रश्न इथं थांबून ग्रुपात बोला. मला स्वतःला वाटतं बापानं लावली.

आता कॉर्डेलिया. तिच्याकडं देवी म्हणून बघू नका, तसं वाचलं की ती कंटाळवाणी होते. ती मनाशी बोलते की प्रेम करायचं आणि गप्प राहायचं. मग विचारल्यावर सांगते, काही नाही. बाप म्हणतो काही नाहीतून काही निघत नाही, परत बोल. तेव्हा ती सांगते की नात्याला धरून जेवढं असावं तेवढं प्रेम करते, ना जास्त ना कमी, तुम्ही जन्म दिला, वाढवलं, माया केली, मी त्याची फेड करते, आणि उद्या लग्न झालं की माझं निम्मं प्रेम नवऱ्याकडं जाईल, बहिणींचं सगळं प्रेम तुमच्यावरच असेल तर त्यांनी लग्नं कशाला केली. पेन्सिल! ही पोरगीसुद्धा मोजतेच आहे. बाप चुकीच्या मापानं मोजतोय म्हणून ती बरोबर मापानं मोजून दाखवते. ती खरं बोलते, आणि खरं बोलताना थोडी बापासारखीच हट्टी होते. हे 'निम्मं' लक्षात ठेवा, चौथ्या अंकात लागणार आहे.

दुसऱ्या वाचनात सगळ्यांनी आपले डायलॉग सोडून जो गप्प आहे त्याच्याकडं बघा. विशेषतः एडमंड. सीनच्या सुरुवातीला ग्लॉस्टर केंटला सांगतो की हा माझा लग्नाबाहेरचा मुलगा आणि त्याच्या आईबद्दल चावट विनोद करतो, आणि मुलगा शेजारीच उभा आहे. एडमंड वाचणाऱ्यानं तिथं उठून उभं राहायचं आणि नुसतं ऐकायचं.

आपल्याकडची परीक्षा उलटी आहे

पायरी नाही ही, पण इथं थोडं थांबतो, कारण सांगली-मिरज-तासगाव भागात हे नाटक वाचलं की बोलणं ऊस, द्राक्षबाग, विहिरीतला हिस्सा यांवर येतंच आणि आलं पाहिजे.

लिअरच्या दरबारात गोड बोललं की जमीन मिळते. आपल्याकडं पोरीनं जमिनीवरचा हक्क सोडला की तिला गोड म्हणतात. भाऊ वाटणीपत्र करायला घेतात, बहिणीला सासरहून बोलावणं जातं, साडी-चोळी होते, आणि हक्कसोड पत्रावर सही मागतात. सही केली तर माहेर राहिलं, भाऊबीज राहिली, सगळे म्हणतात बघा कशी मायेची पोर. नाही केली तर ही बहीण नाही, ही वैरीण. महाराष्ट्रात 1994 साली आणि मग देशभर 2005 साली कायदा बदलून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क मुलाएवढा झाला. सातबाऱ्याला नाव लागतं पण सहीच्या वेळी जो प्रश्न तिला न बोलता विचारला जातो तो लिअरचाच असतो, की सांग तुझं आमच्यावर किती प्रेम आहे. ज्या बहिणी म्हणतात की माझं प्रेम आहे तेवढं आहे आणि माझा हिस्सा पण आहे, दोन्हीचा एकमेकांशी संबंध लावू नका, त्या कॉर्डेलियाच्या जागी उभ्या असतात. ग्रुपात बायका असतील तर ही चर्चा त्यांनाच सुरू करू द्या, पुरुष मंडळींनी आधी ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

कॉर्डेलियाला हिस्सा मिळत नाही हे तर माहितीच आहे. बर्गंडी हुंडा नाही म्हटल्यावर मागं फिरतो, फ्रान्सचा राजा तिला आहे तशी घेऊन जातो. केंट राजाला आडवा येतो तर त्याला देशाबाहेर, पाच दिवस तयारीला, दहाव्या दिवशी दिसलास तर मरण. परत आकडे!

आणि सीनचं शेवटचं टोक सोडू नका. सगळे गेल्यावर गॉनरिल आणि रीगन दोघीच उरतात आणि इथं भाषा बदलते, इतका वेळ पद्यात बोलणाऱ्या बहिणी एकदम साध्या गद्यात बोलतात. म्हणतात की वय झालंय, लहरी झालेत, धाकटीवर सगळ्यात जास्त माया होती आणि तिलाच हाकलली, तसं त्यांना स्वतःची ओळख कधी नव्हतीच. हे अगदी खरं निदान आहे. खोटं बोलणाऱ्या बायका इथं खरं बोलतायत. म्हणून म्हटलं गॉनरिल समंजस माणसाला द्या, तिला पहिल्यापासून खलनायिका केली की ही जागा वाया जाते.

पायरी ४ : शंभराची वजाबाकी

लिअर सगळं देतो पण दोन गोष्टी ठेवून घेतो, राजा ही पदवी आणि शंभर स्वार. आणि राहणार कुठं, तर एक महिना थोरलीकडं, एक महिना मधलीकडं. आपल्याकडं ही पद्धत कुणाला सांगायला नको, आईबाप महिन्या-महिन्यानं पाळी लावून वाटलेले किती घरांत आहेत.

पहिल्या अंकाचा चौथा आणि दुसऱ्या अंकाचा शेवटचा प्रवेश हे दोन सीन एकाच बैठकीत वाचा, म्हणजे आकडे खाली येताना ऐकू येतात. गॉनरिल म्हणते तुमची माणसं दंगा करतात, घराचा गुत्ता झालाय, जरा कमी करा, आणि पन्नास कमी झालेलेच असतात. लिअर तिला असा काही शाप देतो की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, तिला मूल होऊ नये आणि झालंच तर असं व्हावं की कृतघ्न लेकरू काय असतं ते तिला कळावं. मग रीगनकडं जातो तर ती म्हणते माझ्याकडं यायचं तर पंचवीसच आणा. तेव्हा लिअर वळून गॉनरिलला म्हणतो, मी तुझ्याकडं येतो, तुझे पन्नास म्हणजे हिच्या दुप्पट, म्हणजे तुझं प्रेम हिच्या दुप्पट.

हा डायलॉग संथ वाचा. एवढं सगळं होऊनही म्हातारा अजून त्याच हिशोबात अडकलाय. मग दोघी मिळून, पंचवीस तरी कशाला, दहा, पाच, आणि रीगन म्हणते एक तरी कशाला. तेव्हा त्याचं ते प्रसिद्ध बोलणं येतं की गरजेचा हिशोब करू नका, भिकाऱ्याकडं सुद्धा गरजेपेक्षा काहीतरी जास्त असतं, माणसाला फक्त गरजेपुरतं दिलं तर त्याचं जगणं जनावरासारखं. ज्यानं प्रेमाचं माप काढलं त्याच्याच तोंडून हे येतं.

स्वार खरंच दंगा करत होते का हे नाटक नक्की सांगत नाही, बसवणारा ठरवतो. 1962 मध्ये इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकनं पॉल स्कोफिल्ड या नटाला लिअर म्हणून घेऊन केलेल्या प्रयोगात ते खरंच धुडगूस घालताना दाखवले होते, आणि मग गॉनरिलची बाजू एकदम भक्कम झाली. तुम्ही एकदा तसं धरून वाचा, एकदा स्वार सभ्य आहेत असं धरून वाचा. घरात म्हातारं माणूस सांभाळणाऱ्या सुनांना, लेकींना विचारा कुठलं खरं वाटतं, दोन्ही उत्तरं मिळतील.

इथं हमखास कुणीतरी विचारतं की लिअरनं अट घातली होती ना, मग मोडली तर राज्य परत घेता येत नव्हतं का. नाटकात नाही येत, अट तोंडी होती आणि ती पाळायला लावणारं कुणी उरलं नव्हतं. आपल्याकडं मात्र 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्याच्या कलम 23 प्रमाणं सांभाळ करायच्या अटीवर मिळकत नावावर करून दिली आणि नंतर सांभाळ केला नाही तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं, प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणापुढं अर्ज करावा लागतो. फक्त ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असली की काम सोपं होतं. घरात कुणी बक्षीसपत्र करायच्या विचारात असेल तर हे एक वाक्य वकिलाकडून घालून घ्या, प्रेमावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं म्हणून लाजू नका.

पायरी ५ : ग्लॉस्टरचं घर, समांतर वाचा

हे दुसरं कथानक नवीन माणसाला गोंधळात टाकतं म्हणून लोक गाळतात. गाळू नका. लिअरच्या घरात मुली बापाला फसवतात आणि ग्लॉस्टरच्या घरात मुलगा, पण पद्धत वेगळी आहे. एडमंड गोड बोलत नाही. तो एक पत्र लपवल्यासारखं करतो, बाप विचारतो काय वाचतोस, तो म्हणतो काही नाही. (कॉर्डेलियाचंच उत्तर, पण इथं ते खोटं आहे.) मग बाप जबरदस्तीनं पत्र घेतो, त्यात एडगर बापाची मिळकत लवकर हातात यावी म्हणून कट करतोय असं लिहिलेलं, आणि एडमंड भावाची बाजू घेतल्यासारखं करत करत बापाला पेटवत नेतो. ही पण खुशामतच, बापाला स्वतःच्या हुशारीनं सत्य शोधल्याचं सुख द्यायचं. भावकीत चुगली करणारी माणसं नेमकी अशीच बोलतात, मला बोलायचं नव्हतं पण आता तुम्ही विचारलंच म्हणून.

आणि सरळ बोलणाऱ्याबद्दल एक जागा इथंच आसपास आहे. केंट वेष बदलून परत आलाय, गॉनरिलच्या पुढंपुढं करणाऱ्या ऑस्वल्डला तो शिव्या घालतो, आणि कॉर्नवॉल म्हणतो, असली माणसं मला माहितीयत, कुणीतरी एकदा स्पष्टवक्ता म्हणून कौतुक केलं की तेव्हापासून उद्धटपणा हाच यांचा दागिना होतो. कॉर्नवॉल वाईट माणूस आहे पण मुद्दा बिनतोड आहे. आम्ही काय ते तोंडावर बोलतो म्हणून मिरवणाऱ्या आपल्या भागात हा डायलॉग दोनदा वाचावा. केंट मात्र तसला नाही, तो बोलतो आणि मग राजाच्या मागं पावसात पण जातो.

तिसऱ्या अंकाच्या सातव्या प्रवेशात ग्लॉस्टरचे डोळे काढतात. वाचणाऱ्यांना आधी सांगून ठेवा, काहींना सहन होत नाही. तिथं एक नोकर मालकाच्या विरोधात तलवार काढतो, त्याला नावसुद्धा नाही, कॉर्नवॉलला मरणाची जखम करतो आणि स्वतः मरतो. त्या नोकराचे चार डायलॉग ग्रुपातल्या चांगल्या आवाजाच्या माणसाला द्या.

पायरी ६ : वादळ

इथं आरडाओरडा करायचा मोह होतो. लिअर वाचणाऱ्यानं पहिलं भाषण मोठ्यानं वाचावं आणि नंतर आवाज खाली आणत जावा, कारण खरी गोष्ट पुढं आहे, झोपडीच्या दारात तो स्वतः बाहेर थांबून बाकीच्यांना आधी आत जायला सांगतो आणि म्हणतो, डोक्यावर छप्पर नाही, अंगावर चिंध्या, अशी माणसं असल्या पावसात कशी राहत असतील, मी राजा असताना याची फार कमी काळजी घेतली. ऑगस्ट 2019 चा पूर ज्यांनी सांगलीत काढलाय त्यांना हे वाचताना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

विदूषक याच तिसऱ्या अंकात संपतो, सहाव्या प्रवेशानंतर परत येत नाही आणि का ते कुणी सांगत नाही. कारण शोधत बसू नका, पुढं चला.

पायरी ७ : खुशामतीचा जाब

चौथ्या अंकाचा सहावा प्रवेश. वेडा लिअर आणि आंधळा ग्लॉस्टर समोरासमोर. पहिल्या सीनचं उत्तर इथं आहे, म्हणून हा सीन माझ्या मते वादळापेक्षा महत्त्वाचा. लिअर म्हणतो, त्यांनी माझी कुत्र्यासारखी लाळघोटेपणानं खुशामत केली, दाढीत काळे केस यायच्या आधीच पांढरे आले म्हणून सांगितलं, मी जे म्हणेन त्याला हो ला हो, नाही ला नाही, मग एक दिवस पाऊस आला, वाऱ्यानं दात वाजले, मी सांगितलं तरी गडगडाट थांबेना, तेव्हा मला त्यांचा वास आला. मला सांगत होते की मी सगळं काही आहे, खोटं आहे, मला साधी हुडहुडी पण चुकत नाही. बघा, तो इथं मुलींना दोष देत नाही, लहानपणापासून त्याला शहाणा म्हणणाऱ्या सगळ्या दरबाराला देतोय. ज्या माणसाच्या वाढदिवसाला चौकाचौकात फ्लेक्स लागतात त्यानं हा परिच्छेद रात्री एकट्यानं वाचावा.

लगेच पुढचा, सातवा प्रवेश. कॉर्डेलिया फौज घेऊन बापासाठी परत आलीय. लिअर झोपेतून उठतो, तिला ओळखायला वेळ लागतो, सांगतो की मी एक मूर्ख म्हातारा आहे, ऐंशीच्या पुढचा, एक तास जास्त नाही की कमी नाही. मग ती आपली पोरगी आहे हे लक्षात आल्यावर म्हणतो, तुझ्याकडं विष असेल तर मी पिईन, तुझ्या बहिणींनी मला छळलं त्याला काही कारण नव्हतं, तुला मात्र कारण आहे.

ती म्हणते, काही कारण नाही, काही कारण नाही.

कारण तर आहे! घरातून हाकललं, वाटणी काढून घेतली, जन्माचा शाप दिला. पहिल्या सीनमध्ये प्रेमाचा निम्मा भाग नवऱ्याचा असं काटेकोर सांगणारी, एक शब्द वाढवून न बोलणारी पोरगी इथं धडधडीत खोटं बोलते आणि मोजणं सोडून देते. कॉर्डेलिया वाचणाऱ्याला सांगा, इथं रडू नको, आवाज चढवू नको, साधं बोल. नाटकात मोजमाप थांबतं ती ही एकच जागा, आणि पेन्सिल इथं खाली ठेवायची.

पायरी ८ : शेवट

शेवटाबद्दल आधी कल्पना द्या. गॉनरिल रीगनला विष घालते, स्वतःला भोसकून घेते, दोघी एडमंडवरून भांडलेल्या. कॉर्डेलियाला कैदेत फाशी देतात आणि लिअर तिला उचलून घेऊन येतो. हा शेवट लोकांना इतका सोसला नाही की 1681 मध्ये नाहूम टेट नावाच्या माणसानं नाटक बदलून कॉर्डेलिया जिवंत ठेवली, एडगरशी तिचं लग्न लावलं, लिअरला गादी परत दिली, विदूषक काढून टाकला, आणि रंगभूमीवर दीडशे वर्षं तेच चाललं. शेक्सपिअरच्या आधीच्या गोष्टीत पण राजाला राज्य परत मिळतंच. म्हणजे हा शेवट शेक्सपिअरनं मुद्दाम केलाय. आपल्या ग्रुपात पण कुणीतरी म्हणेल एवढं कशाला. त्याला बोलू द्या, त्याच्या बाजूनं इतिहास आहे.

लिअर मेलेल्या पोरीला म्हणतो तू आता परत येणार नाहीस, आणि 'कधीच नाही' हे 1623 च्या प्रतीत पाच वेळा आहे, 1608 च्या प्रतीत तीन वेळा. वाचणाऱ्यानं दोन्ही करून बघावं. पाच वेळा म्हणणं जास्त अवघड, प्रत्येक वेळी दम वेगळा लागतो.

शेवटच्या ओळी कुणाच्या हेही दोन प्रतींत वेगळं, एकात ऑल्बनीच्या, दुसऱ्यात एडगरच्या. त्या ओळी सांगतात की जे बोलायला हवं ते नको, जे वाटतं ते बोलू. त्याच्या थोडं आधी ऑल्बनी काय करतो बघा, केंट आणि एडगर दोघांना म्हणतो तुम्ही दोघं मिळून राज्य चालवा. इतकं सगळं होऊन परत वाटणी! केंट नको म्हणतो. एडगर त्यावर हो किंवा नाही असं सरळ काही बोलत नाही, ही जागा वाचणाऱ्यानं ठरवायची, बहुतेक ग्रुपात यावरून अर्धा तास जातो आणि जाऊ द्यावा.

सगळं वाचून व्हायला तीन तासांच्या वर लागतात, एका दमात करू नका, तीन बैठका करा: पहिली फक्त वाटणीचा सीन, दुसरी स्वारांपासून वादळापर्यंत, तिसरी उरलेलं. मग महिनाभरानं एकदा परत भेटून फक्त पहिला सीन भूमिका अदलाबदल करून वाचा, ज्यानं लिअर वाचला त्याला कॉर्डेलिया द्या आणि जिनं कॉर्डेलिया वाचली तिला गॉनरिल. आणि त्या दिवशी ग्रुपात कुणाचे आई-वडील येणार असतील तर त्यांना नुसतं ऐकायला बसवू नका, केंटचे डायलॉग द्या.